गंधकाचा धूर आणि दहा वर्षांच्या मुदती : एका सवलतीची पार्श्वभूमी

11 जुलै 2025 रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली आणि देशातल्या कोळशावर चालणाऱ्या दर पाच वीजसंचांपैकी जवळपास चार संच सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून मोकळे झाले. ही मर्यादा 2015 मध्ये ठरली होती. मधल्या दहा वर्षांत ती पाळण्याची मुदत इतक्या वेळा पुढे गेली की शेवटी मर्यादाच गेल्याचे फारसे कुणाला जाणवले नाही. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर होती. चंद्रपूर-नागपूर पट्ट्यात तिचा अर्थ नीट कळायचा तर थोडे मागे जावे लागते.

वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा इंग्रजांना एकोणिसाव्या शतकातच सापडला. वरोऱ्याची खाण आणि तिच्यासाठी टाकलेला वर्धा-वरोरा लोहमार्ग ही 1870 च्या दशकातली कामे. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी असे खाणींचे जाळे वाढले, सत्तरच्या दशकात खाणी सरकारी झाल्या, भूमिगत खाणींची जागा ओपनकास्टने घेतली. हा भाग विदर्भातल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी सुरुवात 1983 ची. त्या वर्षी चंद्रपूरजवळ दुर्गापूरला औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. सात संचांचे केंद्र 2340 मेगावॅटपर्यंत पोचले. पुढे दोन जुने संच मोडीत निघाले, 500 मेगावॅटचे दोन नवे आले आणि क्षमता 2920 मेगावॅट झाली. ही वीज जाते कुठे, याचे उत्तर 1999 मध्ये उभ्या राहिलेल्या चंद्रपूर-पडघे वाहिनीत आहे. साडेसातशे किलोमीटर लांबीची ही उच्चदाब वाहिनी विदर्भातला कोळसा वीज होऊन मुंबईच्या वेशीवर नेते. राख, धूळ आणि धूर मात्र तारेतून जात नाही.

चिमणीतून काय बाहेर पडावे, याचा विचार आपल्याकडे फार काळ राखेपुरताच झाला. आपल्या कोळशात राख 35 ते 45 टक्के, त्यामुळे ते साहजिकही होते. राख पकडायला ईएसपी आले. विजेच्या भारित पट्ट्यांवर राखेचे कण ओढून घेणारी ही यंत्रणा नीट चालली तर 99 टक्क्यांहून जास्त राख अडवते. वायूला ती काहीच करत नाही. गंधक जळून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड तिच्यातून जसाच्या तसा पुढे जातो. त्याच्यासाठी नियम होता तो चिमणीच्या उंचीचा. 1990 च्या अधिसूचनेनुसार 500 मेगावॅट आणि त्यावरच्या संचाला 275 मीटरची चिमणी, 200 ते 500 मेगावॅटच्या संचाला 220 मीटरची आणि त्याहून लहान संचांना एका सूत्राने काढलेली उंची. वायू खूप वर सोडला की तो पसरतो, विरळ होतो आणि जमिनीवर त्याची मात्रा कमी भरते, हे त्यामागचे गणित. मोठ्या संचांच्या आवारात गंधक काढण्याच्या यंत्रणेसाठी, म्हणजे एफजीडीसाठी, मोकळी जागा ठेवायची अटही त्याच काळातली. जागा ठेवली गेली, आणि बहुतेक ठिकाणी ती जागाच राहिली.

ही यंत्रणा महाराष्ट्राला अनोळखी होती असे मुळीच नाही. मुंबईत ट्रॉम्बे इथल्या केंद्रात समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी एफजीडी कित्येक वर्षांपासून आहे, देशातल्या अगदी पहिल्या यंत्रणांपैकी ती एक. डहाणूची गोष्ट जास्त बोलकी. जून 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. 250 मेगावॅटचे दोन संच तिथे तरीही उभे राहिले, पण एफजीडीच्या अटीवर. ती अट पाळायला टाळाटाळ सुरू झाली तेव्हा चिकूच्या बागायतदारांनी आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एक प्राधिकरण नेमले गेले, निवृत्त न्यायमूर्ती त्याच्या अध्यक्षस्थानी होते. मग सुनावण्या, आदेश, बँक हमी, आणि अखेर 2007 मध्ये यंत्रणा सुरू झाली. म्हणजे तंत्र येत होते, पैसाही उभा राहत होता. अट घालणाऱ्याकडे ती वसूल करण्याचा अधिकार आणि चिकाटी होती, एवढाच काय तो फरक. चंद्रपूरला असे प्राधिकरण कधी लाभले नाही.

2009 मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला गेला. त्यात चंद्रपूरचे गुण 83.88 भरले, अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यानंतर देशात चौथा क्रमांक. 2010 च्या सुरुवातीला तिथल्या नव्या प्रकल्पांना काही काळ मनाई झाली, कृती आराखडा तयार झाला, मग मनाई उठली. जुन्या संचांच्या चिमण्यांत त्याने काही बदलले नाही.

बदलाचा पहिला खरा प्रयत्न 7 डिसेंबर 2015 चा. धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, पारा आणि पाण्याचा वापर, या सगळ्यांना एकाच अधिसूचनेत मर्यादा घालण्यात आल्या. सल्फर डायऑक्साइडसाठी 500 मेगावॅटपेक्षा लहान जुन्या संचांना दर घनमीटर धुरामागे 600 मिलिग्रॅम, मोठ्यांना 200, आणि 2017 पासून सुरू होणाऱ्या नव्या संचांना 100. मुदत दोन वर्षांची. दोन वर्षांत शेकडो संचांना एफजीडी बसवणे शक्य नव्हते, हे तेव्हाच दिसत होते. निविदा, रचना, उभारणी आणि संच बंद ठेवून जोडणी, यातच अडीच-तीन वर्षे जातात. वीज कंपन्यांची ही तक्रार रास्तच होती. पुढचे सगळे मात्र याच एका रास्त तक्रारीच्या आडोशाने झाले.

डिसेंबर 2017 मध्ये मुदत संपली तेव्हा टप्पे पाडून ती 2022 पर्यंत नेली गेली. 2021 मध्ये केंद्रांचे तीन गट झाले. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आतली केंद्रे ‘अ’ गटात, अतिप्रदूषित पट्टा किंवा हवेचे निकष न गाठणारे शहर तितक्याच अंतरात असेल तर ‘ब’, उरलेली सगळी ‘क’. मुदती 2022, 2023 आणि 2024 च्या अखेरीच्या. मुदत हुकल्यास दंडही ठरला, युनिटमागे 5 ते 20 पैसे. इथे जरा थांबायला हवे. एफजीडीमुळे वीज युनिटमागे 25 ते 30 पैशांनी महागेल, असा सरकारचाच अंदाज पुढे आला. यंत्रणा बसवण्यापेक्षा दंड स्वस्त पडत असेल तर कुठला हिशेबनीस यंत्रणा बसवायचा सल्ला देईल? त्यातून वीज खरेदीच्या मेरिट ऑर्डरमध्ये स्वस्त वीज आधी घेतली जाते. ज्याने आधी एफजीडी बसवली त्याची वीज महाग होऊन तोच रांगेत मागे जाण्याची भीती. नियम पाळणारा तोट्यात, अशी ही रचना होती.

2022 मध्ये मुदती पुन्हा दोन-दोन वर्षांनी सरकल्या. 30 डिसेंबर 2024 रोजी आणखी तीन वर्षांनी. ‘क’ गटाची मुदत आता 2029 ची झाली होती. तोवर देशातल्या दहा टक्के संचांवरही ही यंत्रणा चालू झालेली नव्हती. आणि सहा-सात महिन्यांत जुलैची अधिसूचना आली. ‘अ’ गटाला 31 डिसेंबर 2027 ची मुदत कायम, ‘ब’ गटाचा निर्णय तज्ज्ञ समिती एकेक प्रकरण तपासून घेणार, आणि ‘क’ गटाला सल्फर डायऑक्साइडची मर्यादाच लागू नाही. अट एकच : चिमणीची उंची 1990 च्या अधिसूचनेप्रमाणे असावी.

या निर्णयामागे अभ्यास होते. त्यातला एक महत्त्वाचा अभ्यास नागपुरात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेचा. मांडणी अशी : भारतीय कोळशात गंधक अर्धा टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, चिमण्या उंच, त्यामुळे परिसरातल्या हवेत सल्फर डायऑक्साइड 24 तासांच्या 80 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत राहतो. एफजीडी असो वा नसो, शहरांच्या आकड्यांत फारसा फरक दिसत नाही. शिवाय यंत्रणेला स्वतःला वीज लागते, चुनखडी खणून आणावी लागते, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमध्ये भरच. ही मांडणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चंद्रपुरात समुद्र नाही, तिथे चुनखडीची ओली पद्धत वापरावी लागेल आणि तिला पाणी लागेल. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्यामुळे याच केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. परळीचे केंद्र तर 2013 आणि 2015 च्या दुष्काळात पूर्ण थांबले होते.

पण या मांडणीत दोन जागा कच्च्या आहेत. पहिली मोजण्याची. सल्फर डायऑक्साइड हवेत वायू म्हणून कायम राहत नाही. काही तासांत-दिवसांत त्याचे सल्फेट होते, अमोनियाशी जुळून ते फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. चिमणी जितकी उंच तितका त्यांचा प्रवास लांबचा. केंद्राच्या कुंपणाजवळ वायू मोजला तर तो कमीच भरणार, कारण तो तिथे थांबलेलाच नसतो. मग 10 किलोमीटरचे वर्तुळ आखून केंद्रांचे गट पाडण्याला काय आधार उरतो?

दुसरी कच्ची जागा टक्केवारीची. गंधक कमी म्हणजे टक्क्यांत कमी. आपल्या कोळशाची उष्णताही कमी, म्हणून एका युनिटसाठी तो जास्त जाळावा लागतो, ढोबळमानाने 700 ग्रॅम. 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला 8400 टन कोळसा. गंधक 0.4 टक्के धरला तर 33 टनांवर, आणि जळल्यावर त्याचे वजन दुप्पट होऊन सल्फर डायऑक्साइड सुमारे 67 टन. दिवसाला, एका संचातून. चंद्रपूरला असे पाच संच आहेत, शिवाय 210 मेगावॅटचे दोन. टक्केवारीचा युक्तिवाद कोळसा मोजका जाळणाऱ्या देशात शोभला असता. 2024-25 मध्ये भारताचे कोळसा उत्पादन 100 कोटी टनांच्या पुढे गेले आणि मे 2024 अखेर विजेची कमाल मागणी 250 गिगावॅटला पोचली. प्रश्न जळण किती स्वच्छ एवढाच नाही, ते जळते किती हाही आहे, आणि या आकड्यावर कुठल्याच अधिसूचनेने हात ठेवलेला नाही.

राखेचा इतिहासही याच वळणाचा. शंभर टक्के राख वापरण्याचा आदेश पहिल्यांदा 1999 मध्ये निघाला, मग 2003, 2009, 2016 आणि 2021 मध्ये त्यात सुधारणा होत गेल्या. लांबच्या केंद्रांना 34 टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा पाठवू नये ही अट मे 2020 मध्ये काढून टाकण्यात आली. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ कोराडी औष्णिक केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राखेचे पाणी शेतांत आणि नदीत शिरले. नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा ज्या कन्हानमधून येतो, तिच्यापर्यंत ते गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात कोराडीत 660 मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली.

चंद्रपूरची वस्ती 2011 च्या जनगणनेनुसार सव्वातीन लाखांच्या आतबाहेर, म्हणून ते ‘अ’ गटात बसत नाही. अतिप्रदूषित पट्टा आणि हवेचे निकष न गाठणारे शहर, या दोन्ही कसोट्यांवर ते ‘ब’ गटात येते. समितीने एफजीडी लागेल असे ठरवले तर या गटाची मुदत 31 डिसेंबर 2028 ची आहे. हा निर्णय कोणत्या मोजमापावर होणार, कुंपणाजवळच्या वायूच्या की दूरवर गेलेल्या सल्फेटच्या, हे अधिसूचनेत लिहिलेले नाही.