सायलेन्सरला धूर आहे का बघा: इंजिन बदललेल्या जीपमधला करंटचा दोष आणि एअरचा दोष

वडापच्या (शेअर प्रवासी वाहतुकीच्या) जुन्या जीपला किंवा अँबेसेडरला दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलं, की काही महिन्यांत एक तक्रार हमखास येते. सकाळी सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तर एक जण म्हणतो, ‘हीटर गेल्यात’, दुसरा म्हणतो, ‘एअर धरतीया’, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय. बाहेरून दोन्ही दोष सारखेच दिसतात, त्यामुळे दोघांचंही म्हणणं पटतं. मग अंदाजाने आधी हीटर प्लग बदलले जातात, नंतर फिल्टर, आणि शेवटी काही बिघडलेलं नसताना डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला जातो. खर्च वाढत जातो आणि गाडी तशीच राहते.

इथे हीटर म्हणजे केबिन गरम करणारा हीटर नव्हे. कोल्हापूरच्या हवेत त्याची फारशी कुणाला आठवणही होत नाही. गॅरेजमध्ये हीटर म्हणजे सिलिंडर हेडमध्ये बसवलेले, इंजिन सुरू करताना आतली जागा तापवणारे हीटर प्लग. ज्या इंजिनात डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं, त्याला ते लागतातच. थंडीत पहाटे पारा 14-15 अंशांवर आला की त्यांच्याशिवाय असं इंजिन तंगवतं. थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या बऱ्याच इंजिनांना हीटर प्लगच नसतात. म्हणून नवं बसवलेलं इंजिन कोणत्या जातीचं आहे, हे आधी विचारून घ्या.

आता मुख्य परीक्षा. एकाने सेल्फ मारायचा, अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून, सलग जास्तीत जास्त 10 सेकंद. दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाशी उभं राहून बघायचं. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पेटत नाही. हीटर, सेल्फचा वेग, पंपाचं टायमिंग, कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी कमी पडतंय. धुराचा मागमूसच नसेल तर डिझेल पोचतच नाही. अशा वेळी हीटर प्लग काढून बघण्यात वेळ घालवू नका. चारही प्लग मेलेले असले तरी पांढरा धूर आलाच असता.

पण धूर नाही म्हणजे दोष डिझेलच्या लाइनमध्येच, असंही लगेच धरू नका. खरी गफलत इथेच होते. रोटरी जातीच्या डिझेल पंपावर एक स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारा व्हॉल्व्ह, असतो. त्याला 12 व्होल्ट मिळाले तरच तो डिझेलची वाट उघडतो. करंट गेला की वाट बंद, इंजिन बंद. म्हणजे वायरिंगच्या दोषानेही डिझेल अडतं, आणि बाहेरून ते हुबेहूब एअर धरल्यासारखं दिसतं.

सोलेनॉइड तपासायला दोन मिनिटं पुरतात. किल्ली ऑन करा आणि पंपाजवळ कान न्या. स्वच्छ ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. शंका वाटली तर त्याची वायर काढून बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट करंट द्या आणि सेल्फ मारा. इंजिन उचललं तर दोष वायरिंगचा. टक् वाजतो आणि तरी धूर नाही, तर मोर्चा डिझेलच्या लाइनकडे वळवा. ही थेट वायर तपासणीपुरतीच ठेवा, कारण ती असताना किल्लीने इंजिन बंद होणार नाही.

बदललेल्या इंजिनात सोलेनॉइडची वायर बहुतेक वेळा जुन्या पेट्रोल इंजिनच्या कॉइलच्या वायरवरून किंवा हाताला लागेल त्या टर्मिनलवरून घेतलेली असते. ती सेल्फच्या टर्मिनलवर जोडली असेल तर गाडी सुरू होते आणि किल्ली सोडताच बंद पडते. वायपर, रेडिओ ज्या टर्मिनलवर चालतात तिथून घेतली असेल तर सेल्फ फिरताना तिचा करंट जातो: इंजिन सेल्फवर उचलतच नाही, किल्ली सोडताना एखादा हिसका देतं, एवढंच. वायर अशा टर्मिनलवर हवी जिथे किल्ली ऑन असतानाही आणि सेल्फ फिरतानाही करंट राहतो. बॉश पद्धतीच्या स्विचवर ते 15 नंबरचं असतं. 30 म्हणजे बॅटरी, 50 म्हणजे सेल्फ. जुन्या स्विचवर आकडे नसतील तर टेस्ट लॅम्प लावून दोन्ही स्थितींत बघा.

पांढरा धूर आला, तर आता हीटर. प्लगांना करंट देणारी, त्यांना जोडणारी पट्टी काढा आणि प्रत्येक प्लग वेगळा तपासा. टेस्ट लॅम्पची एक बाजू बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी प्लगच्या टोकाला. दिवा लागला नाही तर तो प्लग तुटलेला. मीटरवर चांगला प्लग साधारण 1 ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो. सिंगल टर्मिनलचे प्लग एकमेकांना समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला तरी बाकीचे चालतात आणि इंजिन थोडा वेळ खडखडत उचलतं. दोन टर्मिनलचे जुने प्लग एका साखळीत असतात. एक तुटला की सगळे गार.

प्लग चांगले असूनही तापत नसतील तर त्यांच्याकडे जाणारी वायर बघा. चार प्लग मिळून सुरुवातीला 40 अँपिअरच्या वर ओढतात. पुष्कळ जीपमध्ये हा सगळा भार अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) वायरने थेट किल्लीच्या स्विचमधून नेलेला दिसतो. स्विच हाताला गरम लागतो, त्याचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, आणि प्लगपाशी पोचेपर्यंत 12 चे 9 व्होल्ट होतात. 70 अँपिअरचा रिले, 10 स्क्वेअरची केबल, बॅटरीजवळ 80 अँपिअरचा पट्टी फ्यूज, आणि स्विचवरून रिलेला फक्त 1 स्क्वेअरची वायर, अशी जोडणी करा. प्लग चालू असताना पट्टीवर 11 व्होल्टच्या खाली जाऊ नये.

इंजिन बदलताना सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे अर्थिंगची पट्टी. नवं इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे चॅसिसपासून सुटं. पट्टी नसेल तर करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत येतो. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर पुरावा हातातच आला. मीटरची एक तार इंजिन ब्लॉकला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर रंग खरवडून, नवी थिंबल (वायरच्या टोकाची कडी) दाबून जाड पट्टी लावा. या एका पट्टीने संथ सेल्फ आणि मंद हीटर, दोन्ही तक्रारी मिटलेल्या दिसतात.

आता एअर. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढ्याची असते. तिथे फट असली की डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. जमिनीवर थेंब नाही म्हणून लाइन चांगली, हा समज त्यामुळे चुकीचा. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक डिझेल पाइप जोडा आणि बुडबुडे बघा. दुसरी खूण आपल्या चढउताराच्या गावात सहज मिळते: रात्री गाडी उतारावर तोंड खाली करून लावा. टाकी वर राहिल्याने सकाळी पटकन उचलली, आणि सपाटीवर लावल्यावर पुन्हा तंगवलं, तर रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतंय.

फट बहुधा तीन ठिकाणी सापडते. बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर पुन्हा वापरलेले असतात. नवे घाला, किंवा लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाकून मऊ करून घ्या. पेट्रोलचा जुना रबरी पाइप तसाच ठेवलेला असतो आणि क्लिपपाशी चिरलेला असतो. तिसरी जागा रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या पाइपची. पेट्रोलच्या टाकीला बहुतेक वेळा रिटर्नचं नळकांडं नसतं, म्हणून रिटर्न पाइप फिल्टरच्या आधी टी लावून जोडतात. त्यामुळे तेच गरम डिझेल आणि तेच बुडबुडे फिरत राहतात. रिटर्न टाकीपर्यंत नेलाच पाहिजे.

एअर काढताना फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हँड पंप मारा आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. तरी उचलत नसेल तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांची दोन नटं अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल फुटलं की आवळा. उडणाऱ्या धारेसमोर हात धरू नका, दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं. पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरीकडे गाडी फिरत असेल तर त्याच वेळी फिल्टरच्या तळातलं पाणीही सोडा.

चालू गाडीतला फरक कानाला कळतो. खड्ड्यात आदळताच किल्ली फिरवल्यासारखं इंजिन एका क्षणात गप्प झालं तर वायर सुटतेय. आंबा घाटात चढाला आधी ओढ कमी झाली, मग गचके बसले, मग बंद पडली, आणि पाच मिनिटं थांबल्यावर पुन्हा चालली, तर डिझेल कमी पडतंय. तिथेच टाकीचं झाकण उघडून बघा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय.

दोन्ही दोष एकाच सकाळी हजर झाले की माणूस फसतो. एअरमुळे खूप वेळ सेल्फ मारला जातो आणि बॅटरी उतरते. मग एअर काढली, डिझेल पोचलं, पांढरा धूर आला, पण सेल्फ संथ असल्याने पेटत नाही, आणि चांगले हीटर बदलले जातात. म्हणून एअर काढल्यावर आधी बॅटरी 12.6 व्होल्टपर्यंत चार्ज करा. सेल्फ फिरताना ती 9.6 च्या खाली जात नाही ना बघा, दोन वेळांमध्ये सेल्फला मिनिटभर गार होऊ द्या, आणि मगच पुन्हा सायलेन्सरकडे बघा.