त्रयस्थ बिल्डची सूची

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे अनेक प्रकल्प फक्त सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) प्रसिद्ध करतात, किंवा एक-दोन प्रणालींपुरत्याच तयार फाइली देतात. उरलेल्या प्रणालींसाठी बाहेरच्या व्यक्तींनी वा संस्थांनी त्याच कोडपासून कंपाइल केलेल्या, म्हणजे संगणकाला थेट चालवता येतील अशा रूपात आणलेल्या, फाइलींचे दुवे प्रकल्पाच्या संकेतस्थळावर एकत्र दिलेले असतात. अशा यादीला त्रयस्थ बिल्डची सूची म्हणतात. मिररशी तिची गल्लत करू नये. मिररवर प्रकल्पाचीच फाइल जशीच्या तशी ठेवलेली असते. त्रयस्थ बिल्ड मात्र दुसऱ्याच्या संगणकावर, दुसऱ्याने निवडलेल्या पर्यायांनी तयार झालेली वेगळी फाइल असते. डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांची पॅकेजेस काही जण या प्रकारात मोजत नाहीत. ती प्रकल्पाबाहेरच कंपाइल होतात आणि त्यांत वितरणाचे स्वतःचे बदलही असतात, म्हणून प्रस्तुत नोंदीत ती धरली आहेत.

उगम

ही प्रथा नेमकी केव्हा रूढ झाली याबद्दल एकमत नाही. सर्वांत मागे जाणारे मत तिचा संबंध १९८० च्या दशकातील चुंबकीय टेपांशी जोडते. रिचर्ड स्टॉलमन १९८५ पासून जीएनयू ईमॅक्स या मजकूर-संपादकाची टेप १५० डॉलरला देत असत आणि तीवर सोर्स कोड असे. पुढे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमांचा बराच महाग संचही विक्रीस ठेवला. हा संच मूळ संस्थेनेच तयार केलेला असल्याने त्याला त्रयस्थ म्हणता येत नाही. दुसरे मत युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमच्या वितरणातील ‘कॉन्ट्रिब’ विभागाकडे बोट दाखवते. मूळ भाग वेगळा आणि बाहेरच्यांनी दिलेला भाग वेगळा, ही मांडणी तेथे स्पष्ट दिसते आणि नंतरच्या एफटीपी साठ्यांतही ‘कॉन्ट्रिब’ नावाच्या डिरेक्टरी आढळतात. मात्र या भागात मुख्यतः सोर्स कोडच असे.

तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. युनिक्स संगणकांवर कंपाइलर बहुधा असेच, त्यामुळे सोर्स कोड मिळाला की काम भागे. डॉस आणि विंडोजसोबत कंपाइलर येत नसे. तेथे सोर्स कोड हाती आला तरी वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो निरुपयोगी. ही उणीव बाहेरच्यांनी भरून काढली. डीजे डेलोरी यांनी १९८९ मध्ये जीएनयूचा सी कंपाइलर (जीसीसी) डॉसवर आणण्यास सुरुवात केली, तो प्रकल्प डीजेजीपीपी. विंडोजसाठी सिग्नस सोल्यूशन्सच्या सिग्विनचे काम १९९५ मध्ये सुरू झाले आणि मिनजीडब्ल्यू त्यानंतर आले. जीसीसीच्या संकेतस्थळावर तयार बायनरींचे (कंपाइल केलेल्या फाइलींचे) जे पान आहे, त्यात ही नावे आजही एकत्र दिसतात. या फाइली आम्ही तयार केलेल्या नाहीत आणि त्यांसाठी आमच्याकडून मदत मिळणार नाही, असेही ते पान सुरुवातीलाच बजावते. पुढच्या बहुतेक सूचींनी हाच सूर उचलला. सांकेतिकीकरणाच्या ओपनएसएसएल प्रकल्पाच्या विकीवरील बायनरींच्या पानावरही कोणत्याही बिल्डची शिफारस नसल्याचे सांगितलेले आढळते.

चौथे मत पेटंटचे कारण देते. एमपी३ एन्कोडर ‘लेम’ १९९८ पासून विकसित होत आला, पण एमपी३वरील पेटंटांमुळे प्रकल्पाने केवळ सोर्स कोड दिला आणि तयार फाइली हव्या असणाऱ्यांना बाहेरचे दुवे दाखवले. ध्वनी-संपादनाची प्रणाली ऑडॅसिटी, तिलाही हीच अडचण होती. तिच्या वापरकर्त्याला लेमची डीएलएल फाइल दुसऱ्या संकेतस्थळावरून वेगळी उतरवावी लागे. फ्राउनहोफर संस्थेने एमपी३चा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये थांबवला आणि २०१९ पासून ऑडॅसिटीत लेम अंतर्भूतच येऊ लागले. पेटंटामुळेच ही प्रथा जन्मली असे म्हणणे मात्र जरा ताणलेले आहे. जीसीसी किंवा संगणकाची नक्कल करणारे क्यूईएमयू यांच्या सूचींमागे असे कारण दिसत नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. तरीही भारतीय वापरकर्त्याला हा वळसा घ्यावाच लागे, कारण फाइल द्यायची की नाही हे प्रकल्प आपल्या सोयीने ठरवतो आणि तो निर्णय जगभर एकच असतो.

सूचीतील तपशील

सूचीत बिल्डचे नाव, प्रणाली, आवृत्ती व दुवा या गोष्टी असतातच. खरी अडचण बिल्डच्या पर्यायांची आहे आणि ती एफएफएमपेगच्या उदाहरणावरून सर्वांत चांगली समजते. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला ध्वनी व चित्रफिती हाताळणारा हा प्रकल्प फक्त सोर्स कोड देतो. विंडोज, लिनक्स व मॅकओएससाठी बाहेरच्या बिल्डचे दुवे उतरवण्याच्या पानावर आहेत. एफएफएमपेगचा मूळ परवाना एलजीपीएल २.१ किंवा त्यानंतरचा, म्हणजे बंदिस्त सॉफ्टवेअरमध्येही जोडू देणारा सैल परवाना. कंपाइल करताना ‘एनेबल-जीपीएल’ हा पर्याय दिला, उदाहरणार्थ एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर जोडण्यासाठी, की तयार होणारी संपूर्ण फाइल जीपीएल या अधिक कडक परवान्याखाली जाते. ‘एनेबल-नॉनफ्री’ दिला तर फाइल स्वतःपुरती वापरता येते, इतरांना वाटता येत नाही. म्हणजे एकाच सोर्स कोडच्या, एकाच आवृत्तीच्या तीन फाइली कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या वस्तू ठरतात. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये एफएफएमपेग जोडू पाहणाऱ्या कंपनीला एलजीपीएल बिल्डच हवे असते. निव्वळ ‘विंडोज ६४ बिट’ एवढेच लिहिणारी सूची अशा वाचकाला काहीच सांगत नाही.

जीपीएलची जबाबदारी कोणावर, याबद्दलही गैरसमज आढळतो. बायनरी जो वाटतो त्यानेच तिच्याशी जुळणारा सोर्स कोड दिला पाहिजे. दुसऱ्या आवृत्तीच्या (१९९१) तिसऱ्या कलमानुसार तो फाइलीसोबत द्यावा किंवा किमान तीन वर्षे लागू राहील असे लेखी आश्वासन द्यावे. नुसता दुवा देणारा प्रकल्प बायनरीचा वितरक ठरत नाही. सूची ठेवणे आणि फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे यांतला फरक येथे महत्त्वाचा होतो. अनेक प्रकल्प दुव्यावरच थांबतात त्यामागे हेही एक कारण असावे.

काही सूचींत त्रयस्थ बिल्डला जवळजवळ अधिकृत दर्जा असतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या पानावरील विंडोज इन्स्टॉलर ईडीबी या कंपनीचा आहे. कोडातील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या संकेतस्थळावरून विंडोजसाठी मिळणारे ‘गिट फॉर विंडोज’ हा मूळ गिटहून वेगळा प्रकल्प आहे. वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हे ठाऊक असते.

विश्वासाचा प्रश्न

सोर्स कोड तपासला म्हणून त्यापासून बनलेली फाइल निर्धोक ठरत नाही, हे केन थॉम्प्सन यांनी १९८३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, व्याख्यानात दाखवून दिले. कंपाइलरमध्येच खोट असेल तर ती सोर्स कोडात कोठेही दिसत नाही. एकाच कोडपासून कोणीही, कोठेही कंपाइल केले तरी बाइट न बाइट तीच फाइल मिळावी असा प्रयत्न, म्हणजे पुनरुत्पादनक्षम बिल्ड, डेबियनमध्ये २०१३ पासून नेटाने चालू आहे. त्रयस्थ बिल्डच्या तपासणीचा सैद्धांतिकदृष्ट्या हाच पक्का मार्ग. व्यवहारात सूचीतील फार थोडी बिल्ड या कसोटीला लावता येतात.

सामान्य वापरकर्त्याला सांगितला जाणारा उपाय म्हणजे एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेला ठशासारखा आकडा, जुळवून पाहणे. हॅश आणि फाइल एकाच सर्व्हरवर असतील तर त्यातून फाइल उतरताना बिघडली नाही एवढेच कळते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसलेल्यांनी सिनॅमन आवृत्तीचा दुवाच बदलून तो मागील दार (गुपचूप शिरण्याची वाट) ठेवलेल्या फाइलीकडे वळवला होता. दुवा बदलू शकणारा शेजारचा हॅशही बदलू शकतो. बिल्ड करणाऱ्याची जीपीजी (डिजिटल) सही या दृष्टीने अधिक उपयोगी, पण त्याची चावी खरी आहे हे आधी कोठून तरी कळावे लागते. ती सूचीतच दिली तर मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो.

फाइल ठेवणारी संस्था बदलल्यानेही धोका उद्भवतो. गिंप प्रकल्पाने जाहिरातींना कंटाळून नोव्हेंबर २०१३ मध्ये सोर्सफोर्ज सोडले; मे २०१५ मध्ये तेथील गिंपचे विंडोज खाते सोर्सफोर्जने ताब्यात घेतले आणि इन्स्टॉलरसोबत इतर प्रोग्रॅम जोडल्याचे उघडकीस आले. मालकी बदलल्यावर, २०१६ मध्ये, तो प्रकार बंद झाला. फाइली लहान करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअरचे मार्च २०२४ मधील प्रकरण याच्या उलट दिशेचे. ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घातलेले मागील दार सुरू करणारा तुकडा गिट साठ्यात नव्हता, प्रकल्पाच्याच प्रसिद्ध झालेल्या टारबॉलमध्ये (सोर्स कोडच्या गठ्ठ्यात) होता. ‘अधिकृत’ आणि ‘त्रयस्थ’ ही विभागणी सुरक्षिततेची हमी देत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

अँड्रॉइडवर आणखी एक गुंता आहे. एफ-ड्रॉइड हे मुक्त प्रोग्रॅमांचे भांडार प्रत्येक अॅप स्वतः कंपाइल करते आणि बहुधा स्वतःच्या चावीने सही करते. सही वेगळी असली की एकीकडून घेतलेल्या अॅपवर दुसरीकडचे अपडेट बसत नाही.

नाव आणि बोधचिन्ह

कोड मुक्त असला तरी नाव मुक्त असतेच असे नाही. मोझिलाच्या बोधचिन्हाचा परवाना आणि बदलांना आधी मान्यता घेण्याची अट यांवरून डेबियनने २००६ मध्ये फायरफॉक्सचे नाव बदलून ‘आइसवीझल’ ठेवले. मूळ नाव २०१६ मध्ये परतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रफीत-मुद्रण व थेट प्रक्षेपणाच्या ओबीएस स्टुडिओने फेडोराच्या फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवरील एक पॅकेज-प्रकार) आपले नाव व चिन्ह काढण्याची मागणी केली. त्या बिल्डमधील दोषांच्या तक्रारी मूळ प्रकल्पाकडे येत होत्या. वाद लवकर मिटला.

नोंद वगळणे

याबाबत सर्वमान्य पद्धत नाही. दुवा मेला की काढायचा, एवढेच बहुतेक ठिकाणी पाळले जाते. दुवा चालू असून बिल्ड जुने पडले असेल तर ते वर्षानुवर्षे तसेच राहते. एफएफएमपेगचे विंडोजवर सर्वाधिक वापरले जाणारे एक त्रयस्थ बिल्ड सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाले. सूचीत त्याची जागा इतर बिल्डनी घेतली, पण जुना पत्ता लिहिलेल्या स्क्रिप्ट आणि शिकवण्या तशाच फिरत राहिल्या.

मराठवाड्यातील वापर

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९६०), नांदेडची श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (१९८१) अशा ठिकाणी संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा या सूचींशी पहिला संबंध बहुधा सी भाषेच्या निमित्ताने आणि नकळत येतो. त्याने कोड::ब्लॉक्स या कोड लिहिण्याच्या प्रणालीचा कंपाइलरसह येणारा इन्स्टॉलर उतरवला तर त्यातील जीसीसी मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४कडून आलेले असते. जीएनयूचा कोड, दुसऱ्या प्रकल्पाचे बिल्ड आणि तिसऱ्याचा इन्स्टॉलर अशी ही साखळी. पेनड्राइव्हवरून वर्गमित्राकडे गेल्यावर तिला चौथा, कोणत्याही सूचीत नसलेला दुवा जोडला जातो. हॅश जुळवण्याचा प्रश्नच तेथे उरत नाही.

जुन्या संगणकांमुळेही त्रयस्थ बिल्ड शोधावी लागतात. विंडोज ७चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि त्यावर चालणारी पायथॉनची शेवटची अधिकृत मालिका ३.८ आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या ज्या प्रयोगशाळेत अशी यंत्रे अजून चालतात, तेथे नवे पायथॉन हवे तर बाहेरच्या, प्रकल्पाच्या सूचीतही नसलेल्या बिल्डकडे वळावे लागते. पैठण-अंबाजोगाईकडील कीर्तन-भारुडांच्या कॅसेट एमपी३त उतरवणाऱ्याला २०१९ पूर्वी वर उल्लेखिलेली लेमची डीएलएल शोधावी लागत असे.

मराठी मजकुराच्या दृष्टीने सर्वांत उल्लेखनीय उदाहरण टेसरॅक्टचे आहे. छापील अक्षरे ओळखणारे हे सॉफ्टवेअर ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ पासून विकसित झाले व २००५ मध्ये मुक्त झाले. विंडोजसाठी प्रकल्पाचे दस्तऐवज जर्मनीतील मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तयार केलेल्या इन्स्टॉलरकडे पाठवतात. त्या ग्रंथालयाचा हेतू जुन्या जर्मन वृत्तपत्रांचा मजकूर मिळवण्याचा होता. अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखालील ‘मराठवाडा’चे अंक त्याच इन्स्टॉलरने वाचता येतील. मात्र मराठी भाषा तो आपणहून बसवत नाही, अतिरिक्त भाषांच्या यादीतून ती निवडावी लागते. हा तपशील हुकला की देवनागरी पानातून रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो आणि दोष टेसरॅक्टला दिला जातो.

निजामी राजवटीतील महसुली दप्तरे, ज्यांची छाननी कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात मोठ्या प्रमाणावर झाली, मुख्यतः हस्तलिखित मोडी आणि उर्दूत आहेत. उर्दूची भाषा-माहिती टेसरॅक्टच्या संचात आहे, पण ती छापील मजकुरासाठी. मोडीची त्या संचात नाही.