मिरचीचं पान वर वळलंय की खाली?

मिरचीचा शेंडा आकसला, पानं वाकडी झाली की आपल्याकडे एकच नाव तोंडात येतं, बोकड्या. कुणी चुरडा-मुरडा म्हणतं. या नावावरून झाडाची दशा कळते, ती कुणी केली ते कळत नाही. आणि दुकानात जाऊन आपण मागतो तेही तसंच: ‘बोकड्यावरचं द्या.’

मागे आमच्या वीस गुंठ्यांत हेच झालं. फुलकिड्यांचं औषध मिळालं, तीन फवारण्या झाल्या आणि शेंडे आणखी बारीक होत गेले. चौथ्या फवारणीआधी भिंग घेऊन बसलो तेव्हा पानावर फुलकिडा औषधालासुद्धा सापडला नाही. होता तो पिवळा कोळी, जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा ठिपक्याएवढा जीव.

फुलकिडे आणि पिवळा कोळी यांचा घोळ होतो, कारण दोघंही कोवळा शेंडा धरतात, दोघंही साध्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत आणि दोघांमुळेही पान वळतं. वळण्याची दिशा मात्र वेगळी असते.

फुलकिडे लागले की पानाच्या कडा वर येतात. पान होडीसारखं होतं, पावसाचं पाणी साठेल असं. फुलकिडा पान खरवडतो आणि येणारा रस शोषतो, म्हणून खरवडलेल्या जागी चंदेरी, पुढे तपकिरी चट्टे दिसतात. कळ्या ठिसूळ होऊन गळतात.

कोळ्यामुळे कडा खाली मुडपतात, म्हणजे होडी पालथी पडते. पान अरुंद आणि जाडसर होतं, वरून गर्द हिरवं दिसतं, खालून तांबूस झाक येते. आणखी एक खूण मला सगळ्यात खात्रीची वाटते: पानाचा देठ लांबतो. एवढंसं पान आणि त्याला उंदराच्या शेपटीसारखा लांब देठ दिसला की कोळ्याचा संशय पक्का धरावा.

तरीही नुसत्या वळणावर औषध ठरवू नये. पांढरा कागद शेंड्याखाली धरून शेंडा दोन-तीनदा टिचकावा. साधारण एक मिलिमीटर लांबीचे, फिकट पिवळे, लांबट जीव तुरुतुरु पळू लागले तर ते फुलकिडे. फुलांतही बघावं, कारण 2021 च्या सुमारास आंध्र-तेलंगणातल्या मिरचीची दैना करणारे काळपट फुलकिडे मुख्यतः फुलांत बसतात. कागदावर काहीच दिसलं नाही म्हणून सुटलो असं समजू नका. कोळी फुलकिड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा असतो, त्याला दहा पट मोठं दाखवणारं भिंग लागतं. सगळ्यात कोवळं पान उलटं करून शिरेलगत बघा. पारदर्शक पिवळसर ठिपके हळू सरकताना दिसतील. कधी एक ठिपका दुसऱ्याला पाठीवर घेऊन चाललेला असतो. तो नर, अजून पूर्ण वाढ न झालेल्या मादीला नव्या पालवीकडे नेत असतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फवारणी विसरून बराच वेळ बघत राहिलो होतो. कोळी पांढऱ्या माशीच्या पायाला धरूनही एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.

आता औषधाचं. फुलकिडा कीटक आहे, त्याला सहा पाय. पिवळा कोळी जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या कुळातला, मोठा झाल्यावर आठ पायांचा. बरीच कीटकनाशकं त्याला लागूच पडत नाहीत. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या फवारण्या लागोपाठ झाल्या तर कोळ्याला खाणारे मित्रकोळी मरतात आणि तो मोकाट वाढतो. स्पिनोसॅड किंवा फिप्रोनिल फुलकिड्यांसाठी. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक, स्पायरोमेसिफेन, फेनपायरोक्झिमेट किंवा प्रोपरगाईट. मात्रा आणि काढणीपूर्वी थांबायचे दिवस लेबलवरचेच पाळावेत. गंधक भर उन्हात मारू नये, तेलकट औषधाच्या मागेपुढेही नको, पानं करपतात. कोळी पानाच्या खालच्या बाजूला असल्यामुळे नोझल खालून वर धरावा लागतो. वरवर शिंपडलेलं औषध वाया जातं.

हवामानावरूनही थोडा अंदाज येतो. पावसानं ओढ दिली, कोरडी उष्ण हवा राहिली की फुलकिडे वाढतात, मोठ्या सरीनं ते धुऊन जातात. कोळ्याला उबदार, दमट, ढगाळ दिवस मानवतात. फुलकिड्यांवर नजर ठेवायला निळे चिकट सापळे लावता येतात. कोळ्याला पंखच नाहीत, त्याला सापळ्याचा उपयोग नाही.

तिसरा एक संशयित असतो, पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. यात पानं वळतातच, पण शिरा जाड होतात, पिवळेपणा येतो, पेरं आखूड होऊन झाड झुडपासारखं खुजं राहतं. यावर औषध नाही. असं झाड लवकर उपटून शेताबाहेर न्यावं. खरा बंदोबस्त रोपवाटिकेत बारीक जाळीखालीच होतो.

कधी फुलकिडे आणि कोळी एकाच शेंड्यावर सापडतात. तेव्हा जो जास्त दिसेल त्याचं औषध आधी घ्यावं. दोन-तीन बाटल्या एका पंपात ओतण्याची आपली सवय मला फार धोक्याची वाटते. झाडालाही, मारणाऱ्यालाही.

फवारणीनंतर पुष्कळ जण जुन्याच वाकड्या पानाकडे बघतात आणि औषध लागलं नाही म्हणून दुसरं आणतात. वाकडं झालेलं पान सरळ होत नाही. कोळ्याच्या लाळेचा परिणाम तर कोळी मेल्यावरही काही दिवस टिकतो, नवा शेंडासुद्धा थोडा वेडावाकडा निघतो. म्हणून फवारणीच्या दिवशीच शेतात इथेतिथे दहा झाडांना रंगीत दोरी बांधायची, शेंडा कुठवर आहे तिथे खूण करायची, आणि पुढे खुणेच्या वर फुटलेलं पान तेवढं उलटून भिंगातून बघायचं.