कुत्र्याची पाठ दुखते तेव्हा: आधी आराम, मग व्यायाम

आमच्याकडे फिजिओथेरपीसाठी कुत्र्याला घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "व्यायाम कधी सुरू करायचा?" दुखणं ताजं असेल तर आमचं उत्तर असतं, "इतक्यात नाही." का नाही, आणि मग कधी, हे नीट समजावं म्हणून हे पत्रक.

पाठ दुखत असेल तर कुत्रा सोफ्यावर चढायचं टाळतो, पायऱ्यांपाशी थबकतो, पाठीला बाक काढून उभा राहतो, उचलायला गेलं की कळवळतो. मान दुखत असेल तर डोकं खालीच ठेवतो आणि नुसते डोळे वर करून बघतो. पाठदुखीत पोट इतकं कडक लागतं की अनेकांना ती पोटदुखीच वाटते. मागच्या पंजांची नखं पुढून घासलेली दिसली, तर तो पाय ओढत चालतोय.

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेर चिवट तंतूंचं कडं, आत मऊ गर. डॅशहंड, पेकिंगीज, फ्रेंच बुलडॉग, बीगल या जातींमध्ये हा गर लहान वयातच सुकून कडक होऊ लागतो. मग रोजच्यासारखी साधी उडी मारतानाही कडं फाटू शकतं आणि गर थेट मज्जारज्जूवर दाबला जातो. छातीचा भाग संपून कंबर सुरू होते, तिथे हे सर्वांत जास्त घडतं. मोठ्या जातींत बहुधा उतारवयात कडंच हळूहळू फुगतं आणि त्रास महिनोन्‌महिने वाढत जातो. रिपोर्टवर 'हॅन्सन टाइप १' किंवा 'टाइप २' असं लिहिलेलं असेल, तर ते हेच दोन प्रकार. स्वीडनचे पशुवैद्यक हॅन्सन यांनी ते १९५२ मध्ये मांडले. मज्जारज्जूवर किती दाब आहे हे साध्या एक्स-रेत दिसत नाही, त्यासाठी एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो. एक्स-रेत मणक्यांना हाड वाढलेलं दिसलं की लोक घाबरतात, पण ते वाढलेलं हाड बरेचदा दुखतच नाही.

मागचे पाय लडखडत असतील, उभं राहता येत नसेल किंवा लघवी अडली असेल, तर आमच्याकडे येऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पायाच्या बोटाला चिमटा काढल्यावर कुत्र्याने पाय मागे घेतला म्हणजे जाणीव शाबूत आहे, असं समजू नका. पाय मेंदूला कळण्याआधीच आपोआप मागे येऊ शकतो. तो वळून बघतो, ओरडतो किंवा चावायला येतो, तेव्हा वेदना मेंदूपर्यंत पोचलेली असते. ही तपासणी डॉक्टरांनीच करायची. जाणीव शिल्लक असताना ऑपरेशन झालं तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. ती गेली की शक्यता जेमतेम निम्म्यावर येते, म्हणून एका रात्रीचाही उशीर नको.

घरातली माणसांची वेदनाशामक गोळी, मग ती आयब्युप्रोफेन असो वा डायक्लोफिनॅक, कुत्र्याला कधीही देऊ नका. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. आधी कुठली गोळी दिली असेल तर डॉक्टरांना न लपवता सांगा, कारण त्यावर स्टेरॉइड दिलं गेलं तर धोका आणखी वाढतो.

ऑपरेशनची गरज नसेल तर किमान चार आठवडे क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्यात, पूर्ण आराम. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल, एवढीच जागा. बाहेर फक्त शी-शूसाठी, तेही हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) लावून. गळ्यातला पट्टा नको. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली आणि पाठ सरळ आडवी. नेमकं इथेच सगळं बिनसतं: औषधाने चार-पाच दिवसांत दुखणं थांबतं, कुत्रा शेपटी हलवत क्रेटच्या दाराशी उभा राहतो आणि घरच्यांना दया येते. आतलं कडं मात्र अजून भरलेलं नसतं. दार उघडलं की एका उडीने पाय लुळे पडू शकतात. दया आली तर क्रेटपाशी जाऊन बसा, दार उघडू नका.

मुदत संपून डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की आमचं काम सुरू होतं. सुरुवात पाच मिनिटांच्या संथ चालीने. संथच का, तर वेगात कुत्रा मागचे दोन्ही पाय एकदम उडवत पुढे जातो. हळू चालवलं की प्रत्येक पंजा टेकवावा लागतो. मग बसणं-उठणं, जमिनीवर ठेवलेल्या काठ्या ओलांडणं, उभं असताना कमरेला हलकेच डावीकडे-उजवीकडे रेटून तोल सावरायला लावणं. पाण्यातल्या ट्रेडमिलवर पाणी खुब्यापर्यंत भरलं की पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण ३८ टक्केच भार येतो, त्यामुळे जमिनीवर न उचलला जाणारा पाय तिथे पाऊल टाकू लागतो. प्रगती बघायला आम्ही पंजा उलटा करून जमिनीवर टेकवतो. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. आज सरळ करायला वेळ लागला आणि पुढच्या खेपेला कमी लागला, तर मज्जातंतू सावरताहेत.

एक अपवाद. जर्मन शेफर्डसारख्या जातींत उतारवयात मज्जारज्जूच झिजत जाण्याचा एक आजार होतो. त्यात दुखत नाही, पण मागचे पाय लुळे पडत जातात. तिथे पडून राहिल्याने नुकसानच होतं, व्यायाम पहिल्यापासून हवा. म्हणूनच निदान झाल्याशिवाय आम्ही कुठल्याच कुत्र्याला हात लावत नाही.

घरी गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट टाका, सोफ्याला उतरती फळी लावा, पंजांमधले केस कापा. वजन जास्त असेल तर ते आधी उतरवा. पाठीसाठी याहून मोठी मदत घरात दुसरी नाही.

पहिल्या भेटीला सगळे रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि कुत्रा घरात चालतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन या. नव्या जागी कुत्री बिचकतात आणि लंगडणं लपवतात. घरातल्या व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं. व्हिडिओ बाजूने आणि मागून, असा दोन्हीकडून काढा.