डिक्कीत काळा पडलेला ब्रिक गेम

परवा भाचा तोंड पाडून घरी आला. हातात माझा जुना ब्रिक गेम, पडद्यावर ठोकळे रचायचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, मी शाळेत असताना नागपूरच्या बर्डीवरून घेतलेला. सकाळी त्यानं तो स्कुटीच्या डिक्कीत टाकला आणि स्कुटी धरमपेठेत क्लासबाहेर तीन तास उन्हात उभी राहिली. तीही ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या रणरणत्या नऊ दिवसांत! बाहेर काढला तर अख्खी स्क्रीन काळी. ठोकळे नाहीत, स्कोअर नाही, नुसती टुंगटुंग चालू.

"मामा, जळला का जी?"

आतून ताई म्हणाली, "उन्हानं सर्किट उडलं असंल. फेक तो डब्बा."

आवाज येतोय म्हणजे सर्किट शाबूत आहे, एवढं तरी उघड होतं. मी गेम माठाशेजारी फरशीवर ठेवला. पाचेक मिनिटांनी कडेचा काळेपणा विरायला लागला. मधोमध पेरूएवढा डाग उरला, तोही आकसत गेला आणि शेवटी खालच्या रांगेतले ठोकळे जसेच्या तसे दिसू लागले. काहीच जळलं नव्हतं. काचेतला एक पदार्थ तापून आपली शिस्त विसरला होता, थंड झाल्यावर त्याला ती आठवली.

हा पदार्थ म्हणजे द्रवस्फटिक. १८८८ साली फ्रीडरिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एका कोलेस्टेरॉलच्या संयुगात अजब प्रकार दिसला. ते सुमारे १४५ अंशांना वितळून गढूळ झालं आणि १७९ अंशांच्या आसपास अचानक नितळ. म्हणजे वितळण्याचे टप्पे दोन! मधल्या गढूळ अवस्थेत पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण त्याचे काडीसारखे रेणू एका दिशेनं तोंड करून असतात, स्फटिकासारखे. गेमच्या स्क्रीनमध्ये वापरतात ती मिश्रणं नेहमीच्या तापमानाला या मधल्या अवस्थेत राहतील अशी बनवलेली असतात. साध्या मिश्रणांची ती अवस्था साठेक अंशांपुढे टिकत नाही, आणि नागपुरात मे महिन्यात बंद डिक्की तिथवर सहज पोचते.

आता पीळ समजून घेऊ. दोन काचा, मध्ये द्रवस्फटिकाचा केसाहून पातळ थर. वरच्या काचेजवळचे रेणू पूर्व-पश्चिम, खालच्या काचेजवळचे दक्षिण-उत्तर, आणि मधले जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत गेलेले. काचांच्या बाहेर दोन पोलरायझर, तेही एकमेकांना काटकोनात. पोलरायझर एकाच दिशेतलं कंपन आत सोडतो, त्यामुळे काटकोनातल्या दोन पोलरायझरांमधून एरवी प्रकाश जाणारच नाही. पण मधला पीळ प्रकाशाचं कंपन स्वतःबरोबर नव्वद अंश वळवतो, प्रकाश पार होतो, मागच्या चंदेरी पत्र्यावर आपटून त्याच वाटेनं परततो आणि चौकोन उजळ दिसतो. विजेचा दाब दिला की रेणू ताठ उभे राहतात, पीळ सुटतो, चौकोन काळा. तोच आपला ठोकळा. डिक्कीत उन्हानंही पीळच घालवला, फक्त रेणू उभे करून नाही तर त्यांची शिस्त मोडून, आणि सगळ्या काचेवर एकदम.

ब्रिक गेममध्ये दहा बाय वीस, दोनशे चौकोन. निन्टेन्डो कंपनीच्या १९८९ च्या गेम बॉय या हातातल्या गेममध्ये १६० बाय १४४, म्हणजे २३,०४० ठिपके. प्रत्येकाला वेगळी तार देणं अशक्य, म्हणून १६० उभ्या आणि १४४ आडव्या, अशा ३०४ तारांवर काम भागवलं. आडव्या तारा एकेक करून जाग्या करायच्या आणि त्या क्षणी उभ्या तारांवरून निरोप धाडायचा. गोम अशी की हा निरोप त्याच उभ्या तारेवरच्या बाकी १४३ ठिपक्यांनाही थोडाथोडा ऐकू जातो. गणित मांडलं तर १४४ ओळींसाठी काळ्या आणि उजळ ठिपक्याला मिळणाऱ्या परिणामी दाबांतला फरक जास्तीत जास्त नऊ टक्क्यांच्या आत येतो. (दाबांच्या गुणोत्तराचा वर्ग तेरा भागिले अकरा. तेरा आणि अकरा कुठून आले? १४४ चं वर्गमूळ बारा, त्यात एक मिळवा, एक वजा करा.) एवढ्याशा फरकावर रेणूंनी उभं राहायचं की पडून राहायचं हे ठरवायचं! म्हणून गेम बॉयच्या स्क्रीनमध्ये पीळ नव्वद अंशांहून बराच जास्त दिलेला असतो. जास्त पिळलेली गुंडाळी थोड्या दाबानंही झटकन पलटी खाते.

गेम बॉयच्या कडेला एक छोटी चकती आहे, कॉन्ट्रास्टची. ती चैन म्हणून दिलेली नाही. तापमान वाढलं की रेणू कमी दाबाला उठतात आणि वर सांगितलेली नऊ टक्क्यांची चिंचोळी फट सरकते. दुपारी चित्र काळपट झालं की चकती एकीकडे फिरवा, डिसेंबरातल्या पहाटे फिकं झालं की दुसरीकडे.

गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांनी रंग आणि स्क्रीनमागचा दिवा दोन्ही मुद्दाम टाळले. सेगाच्या गेम गिअरमध्ये दोन्ही होतं, पण ते सहा पेन्सिल सेल तीन-पाच तासांत गिळून बसायचं. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा, आणि भर उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसायचा. आजच्या निन्टेन्डो स्विचसाठी वापराची मर्यादा ५ ते ३५ अंश दिलेली असते. आमच्याकडे तो आकडा होळीच्या आसपासच मागे पडतो.

इथे थोडं विषयांतर. स्फटिकात ऊर्जा असते म्हणून प्रदर्शनांत माळा आणि अंगठ्या विकणाऱ्यांना मी एकदा विचारलं होतं, ही ऊर्जा किती आणि मोजायची कशानं? उत्तर आलं, श्रद्धेनं. आमच्या डब्ब्यातला स्फटिक त्यापेक्षा प्रामाणिक. त्याला पेन्सिल सेल द्या, तो ठोकळा दाखवतो.

आणि या स्फटिकाचं नागपूरशी नातं आहे. सी. व्ही. रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पहिले येऊन एम.एस्सी. झाले. (नोबेलवाले चंद्रशेखर वेगळे, तेही रामन यांचे पुतणेच.) पुढे बंगळुरूला १९७७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काड्याच नाही, तर थाळीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रवस्फटिक बनतात. बाजूनं पाहिलं की एलसीडीचं, म्हणजे द्रवस्फटिकाच्या स्क्रीनचं, चित्र बिघडतं, ते सुधारण्यासाठी लावलेल्या पातळ फिल्ममध्ये पुढे असलेच थाळी-रेणू कामाला आले.

भाच्याचा गेम चालू झाला, पण एका कोपऱ्यात पोलरायझर भाजून पिवळा पडला आहे आणि त्याखाली बुडबुडे आलेत. ते नुकसान परत भरून येत नाही. फिल्म नवी मिळते, जुनी सोलून तिच्या जागी चिकटवायची. दिशा मात्र सांभाळायची, कारण नव्वद अंश फिरवून लावली तर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं. हे ऐकल्यापासून भाच्याला ती फिरवूनच लावायची आहे. लावू दे. मग पुढल्या नवतप्यात डिक्कीत विसरला, तर स्क्रीन काळी नाही, उजळ होऊन बाहेर येईल.