गव्हाणीतला कडबा : मराठवाड्यातील बायबलकथांच्या काव्यमय कथनाची पार्श्वभूमी

आमच्या घरी आजीची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, उभी उघडणारी ही वही मुळात हिशेबासाठी घेतलेली असावी, कारण पहिल्या दोन पानांवर ज्वारीच्या पायल्या आणि उसनवारीचे आकडे आहेत. तिसऱ्या पानापासून मात्र गाणी सुरू होतात. काही अभंग चर्चच्या गीतपुस्तकातून उतरवलेले आहेत, काही पाळणे आहेत आणि मधल्या चार पानांवर जात्यावरच्या ओव्या आहेत :

पहिली माझी ओवी गं, बेथलेहेम गावाला
जागा मिळाली नाही, देवाच्या बाळाला
दुसरी माझी ओवी गं, गोठ्यातल्या गव्हाणीला
कडब्यावरी मरीयेनं, पदर अंथरिला

लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बाळंते आहे, गव्हाणी आहे, उतारशाळेत जागा नसणे आहे; कडबा आणि पदर मात्र तेथे कुठेही नाहीत. ज्वारीचे वाळलेले ताट उघड्या अंगाला किती टोचते हे ज्या बाईला ठाऊक होते तिने तो पदर अंथरला. पवित्र शास्त्रात नसलेली गोष्ट भक्तीपोटी कथेत आणण्याची ही रीत कोठून आली, मराठीत ती कशी रुजली आणि मराठवाड्यातल्या मंडळ्यांनी तिला आपल्या अंगाने कसे घडवले, याचा माग घेणे हा या टिपणाचा हेतू आहे.

या रीतीचे मूळ खुद्द पवित्र शास्त्रातच आहे. निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोक तांबड्या समुद्रातून कोरड्या पायांनी पार होतात. तीच हकीकत स्तोत्रसंहितेत पुन्हा पुन्हा गायिली जाते आणि ११४ व्या स्तोत्रापर्यंत येता येता समुद्र पाहून पळ काढतो, पर्वत मेंढ्यांसारखे उड्या मारू लागतात. निर्गमात पर्वतांच्या उड्या नाहीत. गाणाऱ्याला त्या दिसल्या आणि ते गाणे शास्त्र ठरले. पुढे मंडळीनेही याच वाटेने कथा वाढवल्या. आपल्या प्रत्येक नाताळ-देखाव्यात बाळाशेजारी बैल आणि गाढव असतात. लूक किंवा मत्तय त्यांचा उल्लेख करीत नाहीत. ‘बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाचे ठाण ओळखते’ अशा अर्थाचे यशया संदेष्ट्याचे जे वचन आहे, त्याच्या आधाराने ती जनावरे गोठ्यात आली. पूर्वेकडून बाळाला पाहायला आलेल्या ज्ञानी, म्हणजे मागी, लोकांची संख्या मत्तयाने सांगितलेली नाही, पण सोने, ऊद आणि गंधरस अशी दाने तीन, म्हणून माणसेही तीन झाली.

चौथ्या शतकात सिरियाक भाषेत लिहिणारा एफ्रेम आणि सहाव्या शतकातला ग्रीक स्तोत्रकार रोमानोस यांनी या कथनाला उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. रोमानोसच्या गीतांत मरीया मागी लोकांशी बोलते, प्रश्न विचारते, आणि ऐकणारी मंडळी ध्रुपद धरते. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून नाताळची रात्र उभी केली, त्यामागेही हीच ओढ होती. मराठीच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा दुवा सोळाव्या शतकातला आहे. १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात इग्नाती लोयोला साधकाला सांगतो की नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आण, तो किती लांब आहे, सपाट आहे की दऱ्याखोऱ्यांतून जातो ते पाहा, जन्माची गुहा किती मोठी, किती ठेंगणी आहे ते पाहा. त्या चित्रात तो एक दासीही आणतो आणि साधकाने स्वतःला गरीब सेवक समजून जवळ उभे राहावे असे म्हणतो. इग्नातीने उभारलेल्या येशूसंघाचा (जेझुइटांचा) प्रत्येक धर्मगुरू या साधनेतून गेलेला असे, आणि असाच एक इंग्रज येशूसंघी, थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्याला उतरला.

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात पहिले पुराण जुन्या करारावर आणि दुसरे ख्रिस्तचरित्रावर आहे. गोव्यात नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणश्रवणाची सवय सुटली होती, पण ओढ सुटलेली नव्हती. ग्रंथातच श्रोते प्रश्न विचारतात, धर्मगुरू उत्तर देतो आणि त्या उत्तराच्या ओघात कथा पुढे सरकते. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला स्टीफन्स कचरले नाहीत. मराठी भाषेच्या थोरवीवर त्यांनी रचलेल्या ओव्या शाळेच्या पुस्तकांतून अनेकांनी वाचलेल्या असतात, पण तो ग्रंथ चर्चमध्ये मोठ्याने वाचून भक्तीसाठी ऐकला जात असे, हे सहसा सांगितले जात नाही. पुढे पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषांवर बंदी घातली, तरी हाताने उतरवलेल्या पोथ्यांतून हे पुराण टिकले. १९०७ मध्ये मंगळूरला ते रोमन लिपीत पुन्हा छापले गेले आणि १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरीत आले.

मराठवाड्याच्या वाचकाने येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. स्टीफन्स गोव्यात मराठी शिकत होते तेव्हा पैठणला संत एकनाथ हयात होते आणि अंबाजोगाईला दासोपंत लिहीत होते. एकनाथांची समाधी १५९९ ची. ज्या ओवीत एकनाथांनी भागवत आणि रामायण लोकांच्या ओटीत घातले, तीच ओवी स्टीफन्स यांनी हाती घेतली. मूळ कथा न मोडता तिच्यात आपल्या अंगणातली माणसे, जनावरे आणि रुसवेफुगवे भरायचे आणि कथा आपल्या दारात घडते आहे असे ऐकणाऱ्याला वाटायला लावायचे, ही कला गोदाकाठी पिकलेली होती. म्हणून मराठीतले बायबलकथांचे काव्यमय कथन हे परदेशातून आणलेले रोप आहे असे मला म्हणवत नाही. बियाणे बेथलेहेमचे असले तरी जमीन आणि पेरणीची रीत इथली होती.

गोव्यातली ही परंपरा मराठवाड्यात थेट पोचली नाही. हा मुलुख निजामाच्या राज्यात होता आणि येथे ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या एकोणिसाव्या शतकात, प्रॉटेस्टंट मिशनांच्या कामातून. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण गृहस्थ स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे १८६० च्या दशकात जालन्याला कामास लागले, आणि सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांचे एक गाव वसवले. गावाचे नाव बेथेल. उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायात घर सोडून निघालेला याकोब उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपतो, स्वप्नात स्वर्गाला टेकलेली शिडी पाहतो आणि त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, हे नाव देतो. गाव सोडावे लागलेल्या, भावकीने दूर लोटलेल्या माणसांनी माळरानावरच्या नव्या वस्तीला ते नाव देणे हे माझ्या मते या प्रदेशातले बायबलकथेचे पहिले मोठे पुनर्कथन होय. त्यात एकही ओळ रचावी लागली नाही.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा भर वाचनावर होता. शास्त्र छापावे, शाळा काढाव्या आणि लोकांनी ते स्वतः वाचावे, असा तो मार्ग होता आणि त्याचे मोल फार मोठे आहे. परंतु आरंभीची बरीचशी गीते इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून केलेली असल्याने आघात भलत्याच अक्षरावर पडे आणि गाणाऱ्याची जीभ अडखळे. हा अडसर दूर केला तो अहमदनगरच्या मंडळींनी. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर गीते रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाची वहिवाट पडली. नारदीय कीर्तनाचाच सांगाडा त्यांनी ठेवला : पूर्वरंगात एखादा अभंग किंवा शास्त्रवचन घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान. आख्यान योसेफाचे असे, उधळ्या पुत्राचे असे, किंवा जक्कयाचे. मराठी बायबलात ठेंगणा जक्कय येशूला पाहण्यासाठी उंबरावर चढतो. यरीहोचे ते झाड उंबराच्याच कुळातले असल्याने अनुवाद चोख आहे. आणि उंबर म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या मनात पार, सावली आणि दत्ताचे ठाणे आपोआप उभे राहते. कीर्तनकाराने नुसते ‘उंबर’ म्हणावे आणि क्षणभर थांबावे, पुढचे चित्र ऐकणारा स्वतःच पुरे करतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यामुळे या परंपरेला प्रतिभेचे बळ मिळाले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले, आणि ‘अभंगांजली’त तो पूल स्पष्ट दिसतो. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य त्यांनी हाती घेतले, पण सुरुवातीचे अध्याय होऊन ते मागे राहिले. त्यांच्यामागे पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि बहुतेक काव्य त्यांच्याच हातचे आहे. १९३६ मध्ये त्या गेल्यावर शेवटचा हात त्यांचे पुत्र देवदत्त यांनी फिरवला. एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ही असेच युद्धकांडात थांबले होते आणि त्यांचा शिष्य गावबा याने ते पुरे केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या बाईने ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य तडीस न्यावे, याचे मला वाटणारे अप्रूप अजून ओसरलेले नाही.

मराठवाड्यात हे सारे वाचून कमी आणि ऐकून अधिक आले. निजामी राज्यात कारभार उर्दूतून चाले, खेड्यांत मराठी शाळा तुरळक होत्या आणि १७ सप्टेंबर १९४८ ला हा प्रदेश मुक्त होईपर्यंत बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांत वाचणारे माणूस एखादेच असे. ही कुटुंबे मुख्यतः महार आणि मांग समाजांतून आलेली होती, म्हणजे ज्या घरांत गाण्याबजावण्याचा वारसा पिढ्यान्‌पिढ्यांचा होता त्या घरांतून. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. मधल्या दिवसांत घरोघर शास्त्र सांगणारी बायबलबाई आणि भजनी मंडळ यांच्यावर मंडळीची मदार असे. अशा ठिकाणी कथा गीतात बसवली नाही तर ती टिकत नाही. पाठांतरासाठी लय लागते, लयीसाठी शब्द भरावे लागतात आणि भरलेले शब्द आपल्याच शिवारातले असतात.

रूथची कथा येथे सर्वांत जवळची का झाली हेही यातून उमगते. ती सुरूच दुष्काळाने होते. भाकरीचे घर असा अर्थ असलेल्या बेथलेहेमातच भाकरी उरत नाही, कुटुंब मवाब देशी जाते, घरातले तिन्ही पुरुष तिकडेच मरतात आणि सासू-सून रित्या हाताने परततात. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या, किंवा दर हंगामाला ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. रूथ बवाजाच्या शेतात जे वेचते त्याला मराठी बायबलात ‘सरवा’ म्हटले आहे. कापणी झाल्यावर मागे पडलेली कणसे आणि काढणीनंतर मातीत राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगा वेचणाऱ्या बाया आमच्याकडे हाच शब्द वापरतात. कीर्तनात हा प्रसंग आला की बायका खाली पाहू लागतात, कारण सरवा वेचताना मालक काय बोलतो आणि कसा बघतो हे त्यांना माहीत असते, आणि बवाज तसा वागला नाही हे त्यांना पुन्हा ऐकायचे असते.

कल्पनेला मर्यादा असावी हे मी मानतो, आणि ती मर्यादा कोठे ओलांडली गेली याचे एक उदाहरण मनाला लागून राहिले आहे. मग्दालीया मरीयेमधून सात भुते निघाली होती एवढेच लूक सांगतो. ती वेश्या होती असे कोणतेही शुभवर्तमान म्हणत नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिले ग्रेगरी यांच्या उपदेशात तीन निराळ्या स्त्रिया एक झाल्या आणि पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार असलेली ही बाई चौदाशे वर्षे कलंकित कथेत अडकली. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ च्या सुधारणेत ती गल्लत सोडून दिली, तरी आपल्याकडच्या आख्यानांत ती अजून ऐकू येते. शास्त्र जेथे गप्प आहे तेथे पदर अंथरणे वेगळे आणि तेथे कोणाच्या चारित्र्यावर डाग टाकणे वेगळे. पहिल्याने येशूची आई म्हणून मरीयेची ओळख गडद होते, दुसऱ्याने एका शिष्येची साक्ष झाकली जाते. आख्यान रचणाऱ्याने प्रत्येक भरीच्या शब्दाला हा एक प्रश्न विचारावा आणि मग खुशाल रचावे.

आजीच्या वहीत दुसऱ्या ओवीतल्या ‘कडब्यावरी’ या शब्दावर कोणीतरी निळ्या शाईने काट मारून वर ‘गवतावरी’ असे लिहिले आहे. अक्षर माझ्या वडिलांचे, बहुधा शाळकरी वयातले. नाताळच्या कार्डांवर त्यांनी पिवळे मऊ गवत पाहिले असणार. त्या निळ्या शब्दावर पेन्सिलीची एक जाड आडवी रेघ आहे आणि समासात, मिशनच्या रात्रशाळेत शिकलेल्या थोराड अक्षरात, पुन्हा ‘कडबा’ लिहिलेला आहे.