माणसावर पाणी, जमिनीवर माती

डाईंगमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात, कॉस्टिक सोड्याचा ड्रम कलंडला की बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं. कुणीतरी पाईप ओढून फरशी धुवायला लागतं, आणि ज्याच्या पायावर लाय (कॉस्टिकचं द्रावण) उडाली तो गडी बाजूला बसून ओल्या फडक्यानं पाय पुसत असतो. पाणी दोन्हीकडे वापरलं जातं, पण माप उलटं. ज्याला शेकडो लिटर हवं त्याला तांब्याभर, आणि जिथे आधी बांध घालायचा तिथे धो धो.

सोलापुरात हा विषय फक्त मोठ्या केमिकल कंपन्यांचा नाही. चादर-टॉवेलचं सूत उकळायला आणि रंगवायला कॉस्टिक लागतं, पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साईड लागतं, व्हॅट प्रकारच्या रंगांना हायड्रोज (सोडियम हायड्रोसल्फाईटची पूड) लागतं आणि शेवटी उरलेलं कॉस्टिक मारून कपडा उदासीन करायला ॲसेटिक ॲसिड. पूर्व भागातल्या छोट्या शेडपासून अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीपर्यंत हे निळे ड्रम सगळीकडे दिसतात. जिल्ह्यातले साखर कारखाने बाष्पपात्रांतला थर काढायला कॉस्टिकच उकळतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल आहे, आणि दारावर विकायला येणारं संडासचं ॲसिड बहुधा हायड्रोक्लोरिक असतं.

यातलं ॲसिड कुठलं आणि अल्कली (ॲसिडच्या उलट गुणाची, कॉस्टिकसारखी) कुठली, हे आपल्याकडची शहाबादी फरशी स्वतःच सांगते. ती चुनखडीचा दगड आहे. ॲसिड पडलं की फसफसतं, बुडबुडे येतात, वास सुटतो, आणि सुकल्यावर तिथली गुळगुळीत पाठ खरखरीत लागते. कॉस्टिक पडलं तर काहीच होत नाही. नुसता ओला, तुळतुळीत डाग. ना वाफ, ना आवाज. त्या डागावरून चपलेचा पाय सरकतो तेव्हा कळतं की हे पाणी नव्हे.

कॉस्टिकचा हा गप्पपणा मला ॲसिडच्या धुरापेक्षा जास्त धोकादायक वाटतो. शरीरावरही ते तसंच वागतं. तीव्र ॲसिड कातडीतली प्रथिनं गोठवतं. त्याची कडक खपली बनते आणि ती खपलीच ॲसिडला पुढे जायला थोडा अडथळा करते. अल्कली मात्र प्रथिनं विरघळवते, चरबीचा साबण करते आणि वाट मोकळी करत आत उतरत राहते. कॉस्टिक लागल्यावर बोटं बुळबुळीत लागतात ना, तो आपल्याच चरबीचा साबण. ॲसिडची आग लगेच होते, म्हणून माणूस लगेच नळाकडे धावतो. कॉस्टिकची जळजळ उशिरा जाणवू शकते, म्हणून तो हातातलं काम पुरं करून मग जातो. डोळ्यात गेलेली तीव्र अल्कली तर काही मिनिटांत बुबुळाच्या पारदर्शक पडद्यातून आत पोचू शकते.

म्हणून माणसावर पाणी, आणि तेही भरपूर. थोड्या पाण्यानं नुकसानच होतं. गंधकाम्ल पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता सोडतं, त्यामुळे ओलं फडकं लावलं तर कातडी ॲसिडनं जळते ती जळतेच, वर त्या उष्णतेनं पोळते. वाहती धार असली की तीच उष्णता पाणी घेऊन जातं. लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा लावून अंगावरच रसायन मारायचा, म्हणजे उदासीन करायचा, मोह टाळायचा. उदासीनीकरणातूनही उष्णता निघते, शिवाय ते शोधण्यात मिनिटं जातात. हळद, तूप, टूथपेस्ट यांनी तर रसायन कातडीखाली झाकून ठेवल्यासारखं होतं, आणि दवाखान्यात डॉक्टरांना आधी तो लेप काढत बसावं लागतं.

कपडे धार सुरू असतानाच उतरवायचे. बनियन डोक्यावरून काढायचं नाही, कात्रीनं कापायचं, नाहीतर पोटावरचं डोळ्यात जातं. गमबूट तर आधी काढायचे, कारण आत शिरलेली लाय तिथेच साठून राहते. कॉस्टिकचे कोरडे फ्लेक्स किंवा कळीचा चुना अंगावर सांडला असेल तर आधी झटकायचा, मग पाणी. पोटात गेलं असेल तर उलटी करवायची नाही, कारण वर येताना तेच अन्ननळी दुसऱ्यांदा जाळतं. काचेवर नक्षी कोरायला आणि गंज काढायच्या काही द्रावणांत वापरतात त्या हायड्रोफ्लोरिक ॲसिडला धुणं पुरत नाही, त्याला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं. ते हाताळणाऱ्यानं जेल आधी आणून ठेवायचं आणि बाटली नंतर उघडायची.

भरपूर म्हणजे किती? अमेरिकेतलं आन्सी झेड ३५८.१ हे मानक जगभर वापरलं जातं. त्यानुसार सेफ्टी शॉवर (अपघातात अंग धुवायचा फवारा) धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांच्या अंतरावर हवा, त्यातून मिनिटाला साधारण ७५ लिटर पाणी पडायला हवं, आणि ते सलग १५ मिनिटं चालायला हवं. हिशोब केला तर एका माणसाला ११०० लिटरच्या वर पाणी झालं. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी एका अपघातात रिकामी. डोळे धुण्याच्या फवाऱ्याला मात्र मिनिटाला दीड लिटर पुरतं, १५ मिनिटांना साडेबावीस लिटर. दोन बादल्यांत भागतं. अल्कली डोळ्यात गेली असेल तर १५ मिनिटांवर थांबू नये, दवाखान्यात पोचेपर्यंत धार चालू ठेवावी.

ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हे आकडे नुसते वाचून चालत नाहीत. उजनी धरण कितीही भरलं तरी अपघाताच्या क्षणी आपल्या टाकीत काय आहे तेच खरं. शॉवरच्या टाकीची लाईन वेगळी ठेवावी, नाहीतर पाण्याची वेळ लांबली की पहिला डल्ला तिच्यावरच पडतो. दुसरी अडचण अस्सल सोलापुरी आहे. त्याच मानकात पाण्याचं तापमान १६ ते ३८ अंशांच्या मधलं सांगितलं आहे. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे गेला की दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला सोसत नाही. भाजलेल्या कातडीवर ते १५ मिनिटं कुणी घेईल का? टाकीवर शेड हवी, पाईप भिंतीतून किंवा जमिनीखालून हवेत, आणि जमिनीतल्या हौदाशेजारी दोन झाकलेल्या बादल्या नि एक मग कायम हवा. शॉवर नसलेल्या छोट्या डाईंगला तर तो हौदच खरा आधार.

आता जमीन. फरशी पाण्यानं धुणं का चुकतं, ते पीएचच्या, म्हणजे ॲसिड-अल्कलीच्या, मोजपट्टीत दडलंय. तिच्यावर ७ म्हणजे उदासीन, त्याखाली ॲसिड, वर अल्कली. पीएच एका अंकानं वाढवायचा तर ॲसिड दहापट पातळ करावं लागतं. पीएच १ असलेलं एक लिटर ॲसिड नुसतं पाणी घालून ६ वर आणायला एक लाख लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. आणि ड्रममधलं तीव्र ॲसिड पीएच १ पेक्षा कितीतरी कडक असतं. तेव्हा दोन बादल्या ओतून आपण सांडलेलं कमी करत नाही, फक्त पसरवतो आणि गटारीत ढकलतो. गटार नाल्याला मिळते, नाला पुढे सीना नदीच्या खोऱ्यात.

त्यापेक्षा आधी ड्रम बघायचा, पण गमबूट, रबरी हातमोजे आणि चेहऱ्यावर शील्ड चढवूनच. चीर गेली असेल तर चीर वर येईल असा तो फिरवला की गळती तिथेच थांबते. मग कोरडी वाळू किंवा मुरूम घेऊन कडेनं बांध घालायचा, गटारीच्या तोंडापासून सुरुवात करून, आणि बाहेरून आत येत सांडलेलं झाकायचं. लाकडाचा भुसा, सुताच्या चिंध्या, पोती वापरायची नाहीत. तीव्र गंधकाम्ल त्यांना कोळसा करतं आणि नायट्रिकनं ती पेटूही शकतात. पत्र्याचं घमेलं, जस्ताची बादली, ॲल्युमिनियमचं पातेलंही नको. जस्त आणि ॲल्युमिनियम ॲसिडमध्ये आणि कॉस्टिकमध्ये दोन्हीकडे हायड्रोजन सोडतात, आणि बंद शेडमध्ये त्याला एक ठिणगी पुरते. प्लॅस्टिकचं घमेलं, प्लॅस्टिकचं फावडं.

ॲसिड मारायला डाईंगमधला सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) चांगला, पण त्याचा हिशोब माहीत हवा. ९८ टक्के गंधकाम्लाच्या एका लिटरला जवळजवळ दोन किलो सोडा लागतो आणि त्यातून सुमारे साडेचारशे लिटर कार्बन डायऑक्साईड निघतो. मूठभर सोडा टाकून काही होत नाही, आणि पोतं एकदम उलटं केलं तर फेस नि ॲसिडचे शिंतोडे तोंडावर. वाळूनं शोषून घेतल्यावर, कडेनं, थोडा थोडा, दारं उघडी ठेवून. कॉस्टिकच्या बाबतीत मारायच्या भानगडीत न पडता उचलावं हे बरं. फरशी स्वच्छ झाली का हे पाहायला पीएचची पट्टी घ्यावी. ती नसेल तर हळद लावलेलं फडकं काठीनं फिरवावं. लाल झालं तर कॉस्टिक अजून आहे. हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करतात ते याच क्रियेनं.

पेरॉक्साईड ‘जमिनीवर माती’ या नियमात बसत नाही. त्याचं विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजनच उरतो, आणि सुताच्या ढिगात मुरलं तर सुकताना आग लागू शकते. तिथे भरपूर पाणीच ओतायचं. मात्र सांडलेलं परत ड्रममध्ये भरायचं नाही, थोड्याशा घाणीनंही ते आत फुगायला लागतं. हायड्रोजचं उलट. थोडं पाणी लागलं की ते तापतं, गंधकाचा धूर सोडतं, पेटतंही. त्यामुळे हायड्रोजचा डबा कुठल्याही ओल्या ड्रमशेजारी ठेवणं हाच मुळात वेडेपणा. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन निघतो. तो हवेच्या अडीचपट जड, म्हणून खाली बसतो आणि जमिनीवर वाकून साफ करणाऱ्यालाच आधी गाठतो. न्हाणीघरात संडासचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकावर एक टाकणाऱ्यांनीही हे वाचावं.

पुणे-हैदराबाद रस्त्यावर टँकर उलटला तर आपलं काम एकच, लांब राहणं. टँकरकडे तोंड केलं की वारा आपल्या पाठीवर आला पाहिजे. निदान ५० मीटर, आणि धूर दिसत असेल तर आणखी मागे. टँकरवर हात आणि धातू खाणाऱ्या दोन नळ्यांचं काळं-पांढरं चिन्ह असतं आणि जवळ चार आकडी क्रमांक. १८३० म्हणजे तीव्र गंधकाम्ल, १८२४ म्हणजे कॉस्टिकचं द्रावण, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक. लांबून तो आकडा वाचून १०१ किंवा ११२ ला सांगितला की अग्निशमन दलाची निम्मी शोधाशोध वाचते. रस्त्याकडेची काळी माती या बाबतीत दगा देते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि ॲसिड थेट त्या भेगांतून खाली उतरतं. पावसाळ्यात तीच माती फुगून बंद होते आणि सगळं पाण्याबरोबर ओढ्याकडे धावतं. म्हणून बांधाला मुरूमच बरा.

गोळा केलेला मुरूम तागाच्या पोत्यात भरू नये, दोन दिवसांत पोत्याचा तळ गळून पडतो. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरायचा, झाकण घट्ट पिळायचं नाही, कारण आत अजून वायू सुटत असू शकतो. वर काय सांडलं होतं आणि कधी, ते मार्करनं लिहायचं. हा धोकादायक कचरा आहे. पुणे जिल्ह्यात रांजणगावला त्याच्या विल्हेवाटीची सामाईक सोय आहे, आणि तिथे पाठवेपर्यंत ड्रम शेडमध्ये, पेरॉक्साईडपासून लांब.